तलावाचे दरवाजे उघडले, आता समुद्रात उतरावं का?

पवनी तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय: "काकाजी, गेल्या हिवाळ्यात मी तारकर्लीला स्कूबाचा पहिला कोर्स केला. माझा मोठा भाऊ फ्लोरिडात स्टुअर्ट गावाजवळ राहतो, ऑगस्टमध्ये त्याच्याकडे चालले आहे. तो म्हणतो, ओकीचोबी तलावाचं पाणी सोडलं की किनाऱ्यावरच्या डायव्हिंगचे बारा वाजतात. तलाव तर किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत आहे. एवढ्या मोठ्या समुद्राला तलावाचं पाणी कसं काय नासवतं? जावं की बेत रद्द करावा? आणि जायच्या आधी गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात थोडा सराव केला तर चालेल का?"

बेत रद्द करू नकोस. पण रंग पाहून पाणी चांगलं की वाईट ते ठरवायची सवय असेल, तर ती इथेच सोडून जा. तलावाचं पाणी समुद्रात आलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात. पाणी गढूळ होतं, वरच्या थराचा खारेपणा उतरतो आणि सोबत विष किंवा जंतू येऊ शकतात. लोक या तिन्हींची एकच मोट बांधतात. गढूळ पाणी दर वेळी विषारी नसतं आणि नितळ दिसणारं पाणी दर वेळी निर्धोक नसतं. तुझ्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे ते यामुळेच.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. बरीच वर्षं फ्लोरिडाच्या पाम बीच किनाऱ्यावर डायव्हिंगच्या बोटींवर काम केलं. आता गावी राहून धरणांच्या दरवाज्यांची पाण्याखालची तपासणी आणि बुडालेल्यांचा शोध ही कामं करतो. दोन्हीकडचं पाणी अंगावर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तलाव केवढा आहे ते समजून घे. ओकीचोबीचं क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आहे. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून त्यात तीन वेळा मावतील. खोली मात्र सरासरी तीन मीटरसुद्धा नाही. त्यामुळे जोराचा वारा सुटला की तळाचा गाळ सरळ वर येतो. पूर्वी हा तलाव भरला की दक्षिणेच्या काठावरून सांडायचा आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून गाळत, निवळत सावकाश समुद्राला मिळायचा. १९२६ आणि १९२८ च्या चक्रीवादळांत पाणी काठ ओलांडून वस्त्यांत शिरलं. १९२८ ला किमान अडीच हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक शेतमजूर होती. त्यानंतर तलावाभोवती मातीची पाळ उभी राहिली. हर्बर्ट हूवरच्या नावाची ही पाळ सुमारे २३० किलोमीटर लांब आहे. दक्षिणेच्या जमिनीवर ऊस आला आणि तलावाची मूळ वाट बंद झाली. आता पातळी फार चढली की पाणी मुख्यतः दोन बाजूंनी काढतात. पूर्वेला पोर्ट मायाकाच्या दरवाज्यातून कालव्यानं सेंट लूसी नदीत, तिथून स्टुअर्टजवळच्या मुखातून अटलांटिकमध्ये. पश्चिमेला कलूसाहॅची नदीतून फोर्ट मायर्स आणि सॅनिबेलच्या बाजूला, मेक्सिकोच्या आखातात.

दरवाजे उघडणाऱ्यांवर राग काढून काही होत नाही. गोसेखुर्दचे ३३ दरवाजे कोणी हौसेनं उघडत नाही. धरण राखायचं तर पाणी सोडावंच लागतं. तिकडे तलावाचे दरवाजे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांच्या हाती आहेत, त्यांचंही तेच आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यांनी नवं वेळापत्रक लावलंय आणि त्यात पूर्वेकडे कमीत कमी पाणी सोडण्यावर भर आहे. पण खरी गफलत पाणी तलावात येतानाच होते. उत्तरेकडून येणारी किसिमी नदी १९६० च्या दशकात सरळ कालव्यासारखी खोदून टाकली. जी नदी वळणं घेत सुमारे १६५ किलोमीटर वाहायची, ती ९० वर आली आणि काठच्या पाणथळीत गाळून येणारं पाणी थेट तलावात धावायला लागलं. ती चूक सुधारायला पुढे कित्येक वर्षं लागली, नदीचा काही भाग पुन्हा वळणावर आणायचं काम २०२१ ला पुरं झालं. दुधाचे गोठे, संत्र्या-लिंबांच्या बागा, शेतं आणि वस्त्या यांच्यातून फॉस्फरस येत राहतो. वर्षाला १४० मेट्रिक टनांच्या वर येऊ नये असं ठरलेलं असताना बहुतेक वर्षी त्याच्या दुपटीहून जास्त येतो. आपल्याकडे धानाच्या बांध्यांतून युरिया आणि डीएपी वाहत बोडीत जातं आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, हे तू पाहिलेलंच आहेस. कारण तेच आहे, तिथे त्याचा पसारा फार मोठा आहे इतकंच.

आणखी एक गोष्ट तुझ्या भावाला सांग. सेंट लूसीच्या मुखातून येणारं सगळं काळं पाणी तलावाचं नसतं. त्याच खोऱ्यातल्या शेतांचं आणि गावांचं पावसाचं पाणी आजूबाजूच्या कालव्यांतून तिथेच येतं आणि पुष्कळदा त्याचाच वाटा मोठा असतो. तलावाचे दरवाजे बंद असतानाही आठ दिवस झड लागली की मुखाजवळ पाणी तपकिरी होतं. त्यामुळे 'दरवाजे बंद आहेत ना, मग चला' हा हिशोबही चुकतो.

आता समुद्रात काय होतं ते बघ. गोडं पाणी हलकं असतं. एक घनमीटर गोडं पाणी १,००० किलो भरतं, तेवढंच समुद्राचं सुमारे १,०२५. म्हणून मुखातून बाहेर पडलेलं तलावाचं पाणी लगेच मिसळत नाही, वरच्या वर पसरत जातं. बोटीवरून पाहणाऱ्याला सगळा समुद्र तपकिरी झालेला दिसतो, पण तो थर कधी दोन मीटरचा असतो, कधी पाचचा. त्याखाली खारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतं.

असल्या पाण्यात बोटीच्या कडेवरून मागे पडलीस की आधी सगळं काळपट पिवळं दिसतं. हात लांब केला तर बोटं गंजलेल्या रंगाची दिसतात आणि गेजचा काटा वाचायला तो थेट मास्कसमोर आणावा लागतो. दोरी धरून हळूहळू खाली जात राहायचं. मग एका ठिकाणी समोरची दोरीच वितळल्यासारखी होते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तसं पाणी थरथरतं, जोडीदाराचा चेहरा ओळखू येत नाही. नवशिक्याला वाटतं आपला मास्क खराब झाला किंवा चक्कर येतेय. तसं काही नसतं. हलकं आणि जड पाणी जिथे एकमेकांवर घासतं, तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो. तिथे थांबायचं नाही, मीटरभर आणखी खाली सरकायचं. एकदम नजर उघडते, पण उजेड संध्याकाळचा असतो. कुजलेल्या पानांचा आणि दलदलीचा जो रंग पाण्यात उतरलेला असतो, तो नेमका निळा प्रकाश शोषतो. एरवी समुद्रात खोलवर पोचतो तो निळाच, तो वरच अडकला की खाली हिरवट अंधार उरतो. म्हणून दुपारी बारा वाजताही टॉर्च सोबत हवाच. टॉर्चचा झोत मात्र वरच्या गढूळ थरात मारू नकोस, सगळा उजेड गाळाच्या कणांवरून परतून डोळ्यांवर येतो.

खारेपणाचा दुसरा परिणाम शिशावर, म्हणजे बुडण्यासाठी कमरेला बांधतात त्या वजनावर होतो आणि तो कोर्समध्ये घाईघाईत उरकतात. तुझं वजन साठ किलो आणि सामान वीस धरलं तर ऐंशी किलोचा जीव झाला. खाऱ्या पाण्यात जे शिसं बरोबर बसतं, ते पूर्ण गोड्या पाण्यात सुमारे दोन किलो जास्त होतं. तलावाच्या थरात पाणी पूर्ण गोडं नसतं, अर्धं-अर्धं असतं, म्हणजे किलोभराचा फरक धर. गंमत अशी की खाली जाताना हा फरक उलटा लागतो. वरच्या थरात तू भराभर बुडतेस आणि खारं पाणी लागलं की एकदम तरंगायला लागतेस. नवखी माणसं तिथे घाबरून जॅकेटमधली (तरंगणं-बुडणं सांभाळायला ज्यात हवा भरतात-सोडतात ते) उरलीसुरली हवाही सोडतात. परत येताना याच्या उलट होतं. वर येताना पाच मीटरवर काही मिनिटं थांबतात तो सुरक्षा-थांबा नेमका दोन थरांच्या सीमेवर आला तर तू जड होतेस आणि खाली खचतेस. तेव्हा जॅकेटमध्ये थोडी-थोडी हवा घालायची, पाय मारत बसायचं नाही. आणि वर डोकं काढलंस की लगेच जॅकेट पूर्ण फुगव, कारण त्या थरात नेहमीसारखं अलगद तरंगता येत नाही.

तपकिरी पाण्यात वरून तुझे बुडबुडेही कोणाला दिसत नाहीत. फ्लोरिडात लाल कापडावर पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा डायव्हर-झेंडा कायद्यानं लावावा लागतो आणि उघड्या समुद्रात त्याच्यापासून ३०० फुटांच्या आत, खाडीच्या मार्गात १०० फुटांच्या आत राहावं लागतं. एरवी लोक यात ढिलाई करतात. गढूळ दिवशी झेंड्याला चिकटून राहायचं. स्पीडबोटवाल्याला तू दिसणार नाहीस हे धरूनच वर यायचं.

तर स्टुअर्टच्या मुखाशी हाल आणि थोड्या अंतरावर मजेत डायव्हिंग, असं का होतं? अटलांटिकच्या त्या बाजूला गल्फ स्ट्रीमचा प्रचंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो आणि पाम बीचजवळ तो किनाऱ्याच्या सर्वांत जवळ येतो. ज्युपिटरचं मुख स्टुअर्टच्या मुखापासून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात वारा बहुधा आग्नेयेकडून असतो, तोही पाणी उत्तरेकडेच ढकलतो. त्यामुळे सेंट लूसीचं पाणी कितीही काळं असलं तरी ज्युपिटरच्या वीस-पंचवीस मीटर खोल खडकांवर ऑगस्टमध्ये निळं पाणी मिळण्याची शक्यता चांगली असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच तिथे गोलायथ ग्रुपर जमतात, माणसापेक्षा वजनानं कितीतरी मोठे मासे. ते पाहायला माणसं लांबून येतात. वारा फिरला आणि दोन-तीन दिवस उत्तरेचा राहिला, तर किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेला सरकतं. म्हणून बुकिंग करताना आदल्या तीन दिवसांचा वारा विचार, त्या दिवशीच्या वाऱ्यावर विसंबू नकोस.

तुझ्यासारख्या नवीन डायव्हरसाठी आणखी दक्षिणेला ब्लू हेरॉन ब्रिज ही जागा आहे. लेक वर्थच्या खाडीत पुलाखाली, सहा-सात मीटरच्या आत, किनाऱ्यावरून चालत उतरता येतं. तिथे घड्याळ भरतीचं चालतं. भरती चढत असताना जवळच्या मुखातून समुद्राचं स्वच्छ पाणी खाडीत शिरतं, पूर्ण भरतीच्या आसपास तासभर उत्तम दिसतं आणि ओहोटी लागली की कालव्यांचं पाणी परत येतं. सकाळी अकराला ज्यानं समुद्री घोडे बघितले, त्याच जागी दुपारी तीनला दुसऱ्याला स्वतःचे फिन दिसत नाहीत. मुखाजवळची कुठलीही जागा असो, पूर्ण भरतीच्या अर्धा तास आधी पाण्यात असायचं.

आता विषाकडे येऊ. इथे मी अजिबात सवलत देत नाही.

ओकीचोबीत उन्हाळ्यात जे निळं-हिरवं शेवाळ फुलतं, त्यात मायक्रोसिस्टिस नावाचा सूक्ष्मजीव मुख्य असतो. तो मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतो आणि ते यकृतावर जातं. उकळून ते जात नाही. २०१६ च्या जून अखेर हे शेवाळ स्टुअर्टच्या खाडीत इतकं दाट आलं की धक्क्यांना हिरवा लगदा लागला होता आणि राज्यपालांनी तिथे आणीबाणी जाहीर केली. २०१८ च्या उन्हाळ्यातही तीच पाळी आली. आता हा गोड्या पाण्यातला जीव समुद्राच्या खारटपणात टिकत नाही आणि इथेच लोक निश्चिंत होतात. तो मरतो म्हणजे त्याची पेशी फुटते आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं. हिरवा रंग विरलेला दिसतो आणि विष मात्र आणखी काही दिवस पाण्यात असू शकतं. म्हणून शेवाळाचा तवंग कालपर्यंत होता आणि आज पाणी साफ दिसतंय, अशा दिवशी मुखाजवळ उतरू नये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०१९ ला पोहण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. डोळ्यांना हा आकडा दिसणार नाही, तो प्रयोगशाळेतूनच कळतो. फ्लोरिडात राज्याचं पर्यावरण खातं शेवाळाच्या तपासणीचे निकाल नकाशावर लावतं आणि आरोग्य खातं इशारे देतं. ते वाचायची सवय भावाला लाव, तो तिथेच राहतो.

तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं यंत्र, आहे म्हणजे पाणी पोटात जात नाही, हा समज काढून टाक. श्वास सोडायच्या पडद्यातून बारीक तुषार आत येतातच, मास्क साफ करताना नाकात पाणी जातं आणि वर आल्यावर लाटेत एखादा घोट जातो. आम्ही शोधकार्यात घाण पाण्यात उतरतो तेव्हा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि कोरडा सूट घालतो. हौशी डायव्हरकडे ते नसतं, म्हणून हौशी डायव्हरनं तसल्या पाण्यात जायचंच नाही.

जंतूंचं वेगळं. पावसाचं पाणी शौचालयांच्या टाक्या, गोठे, रस्ते धुऊन येतं. तिथल्या किनाऱ्यांवर एन्टेरोकॉकस हे विष्ठेतले जिवाणू मोजतात आणि १०० मिलिलिटरमध्ये ७० च्या वर गेले की किनारा 'खराब' ठरतो. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबायचं, हा डायव्हर लोकांचा जुना ठोकताळा आहे आणि पावसापुरता तो ठीक आहे. पण तलावाचे दरवाजे आठवडेच्या आठवडे उघडे असतात, तेव्हा हा ठोकताळा कामाचा नाही, तपासणीचा निकालच बघावा लागतो. कोमट आणि निम्म्या खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू वाढतो. जखमेतून तो शरीरात शिरला तर साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो. पायाला ताजी चीर असेल, साधी चपलेनं घासलेली जखम असेल, तरी त्या दिवशी उतरायचं नाही. कोणाला मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल त्यानं तर मुखाजवळच्या पाण्याचा विचारही करू नये. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघ. डाइव्ह झाल्यावर नळाच्या पाण्यानं कान धू, नीट कोरडे कर. दुसऱ्या दिवशी कान ओढल्यावर दुखला तर डायव्हिंग बंद आणि डॉक्टरकडे. सामान गोड्या पाण्यानं धुतातच सगळे. रेग्युलेटरचं तोंडात धरायचं रबर आणि जॅकेटची आतली पिशवी बहुतेक जण विसरतात, तू विसरू नकोस.

पश्चिम किनाऱ्याबद्दल थोडक्यात. तिथे लाल भरतीचा त्रास असतो. कॅरेनिया ब्रेव्हिस नावाचा समुद्री जीव बाहेर आखातात वाढतो आणि किनाऱ्याला लागतो. लाटा फुटल्या की त्याचं विष हवेत उडतं, काठावर उभ्या माणसालाही खोकला लागतो. तो तलावातून येत नाही, पण किनाऱ्याजवळ आल्यावर नदीच्या पाण्यातलं खत त्याला पोसू शकतं. लिटरला दहा हजार पेशींच्या वर गेला की श्वासाचा त्रास सुरू होतो, लाखाच्या वर मासे मरतात. दमा असेल तर त्या काळात सॅनिबेलकडे फिरकूच नकोस. तुझा भाऊ पूर्वेला राहतो, तेव्हा तुला यात पडायचं कारण नाही.

माणसाला महिनाभरानं निळं पाणी परत मिळतं. खडकाचं तसं नाही, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. फ्लोरिडाची प्रवाळाची रांग सुमारे ५६० किलोमीटर लांब आहे आणि तिचं उत्तरेचं टोक नेमकं सेंट लूसीच्या मुखाशी आहे. गोड्या पाण्यातली बारीक चिकणमाती खाऱ्या पाण्याला लागली की तिचे गोळे होतात आणि ते तळाला बसतात. वर पाणी निवळल्यासारखं दिसतं, खाली प्रवाळावर काळपट थर चढतो. प्रवाळाच्या आत राहणारं शेवाळ उजेडावर जगतं. तो उजेड आठवडे अडला की प्रवाळाचं पोट अडतं. खाडीत कालवं असतात. गरम पाण्यात खारेपणा हजारात पाच भागांच्या खाली जाऊन आठवडे तसाच राहिला की ती शिंपल्यासकट मरतात. समुद्राचा खारेपणा पस्तीसच्या आसपास असतो, यावरून अंदाज कर. समुद्री गवताचंही तसंच. ते गेलं की तळाची माती धरून ठेवणारं काही उरत नाही, मग तलावाचं पाणी बंद झालं तरी साध्या वाऱ्यानं खाडी गढूळ होते. स्टुअर्टच्या लोकांनी २०१३ च्या उन्हाळ्याला 'हरवलेला उन्हाळा' म्हटलं. मुलं पाण्यात उतरली नाहीत, मासेमारी आणि बोटींचे धंदे बसले. तिथला वाटाड्या एखाद्या दिवशी 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस, त्याचं पोट त्या पाण्यावर आहे आणि तरीही तो नको म्हणतोय.

तर ऑगस्टसाठी माझा सल्ला असा. ज्युपिटर किंवा त्याच्या दक्षिणेच्या बोटीचं बुकिंग कर. ब्लू हेरॉन ब्रिजला जाशील तेव्हा भरतीचं कोष्टक पाहून जा. मुखाजवळ पाण्याला सडक्या अंड्यांचा वास असेल, मेलेले मासे दिसले किंवा काठाला रंगासारखी हिरवी साय लागलेली असेल, तर बोटीचे पैसे बुडाले तरी बुडू दे. नुसतंच तपकिरी असेल, तपासणीचे निकाल ठीक असतील आणि सोबत अनुभवी माणूस असेल, तर थराखालची डाइव्ह करून बघायला हरकत नाही. पण ती पहिल्या दिवशी नको. आधी एक-दोन स्वच्छ पाण्यातल्या होऊ दे.

आता गोसेखुर्द. इथे मात्र माझं उत्तर सरळ 'नको' आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. ते सगळं पुढे धरणाच्या फुगवट्यात येऊन थांबतं. तिकडे तलावाचं पाणी निदान वाहून समुद्राला तरी लागतं. इथे ते महिनोन्‌महिने उभं राहतं, त्यावर जलपर्णी पसरते आणि खाली काळा गाळ बसतो. मी तिथे कामासाठी उतरण्याआधी काळा-पांढरा रंगवलेला वीस सेंटीमीटरचा गोल पत्रा दोरीला बांधून सोडतो आणि कुठे दिसेनासा होतो ते मोजतो. पावसाळ्यात तो पाण्यात शिरता शिरताच नाहीसा होतो. आमचं काम तिथे डोळ्यांनी होतच नाही, हातानं चाचपडत होतं. त्यात बुडालेली झाडं आहेत, जुन्या गावांच्या भिंती आहेत, ढिवरांची तुटलेली जाळी आहेत. जाळ्यात अडकलेल्याला सोडवायला शेजारचा डायव्हर हातभर अंतरावर असला तरी दिसत नाही. माझ्या ओळखीचे ढिवर बांधव सांगतात की या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की अंगाला खाज सुटते आणि मासळीला भाव मिळत नाही. ते तिथे पोटासाठी उतरतात, तुला सरावासाठी उतरायची गरज नाही. आणि जुलैत दरवाजे उघडे असताना तर धरणाच्या आसपास कोणीच जाऊ नये, ओढ वरून दिसत नाही.

हेच पाणी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ गोदावरीत जातं आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला लागतं. तिकडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जो गढूळ, कमी खारा थर पसरतो, त्यात आपल्या बांध्यांतलं खत आणि नागपूरची गटारं आहेत. कधी आंध्राच्या किनाऱ्यावर डायव्हिंगला गेलीस तर वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू पडेल.

सराव नागपूरच्या एखाद्या चांगल्या जलतरण तलावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कर. फिनशिवाय, जॅकेटमधली हवा पूर्ण काढून, अर्धा श्वास धरून उभी राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत येईल तेवढं शिसं तुझं गोड्या पाण्यातलं शिसं. तिथे जो सूट घालणार आहेस, तोच घालून हे कर. आकडा वहीत लिहून ठेव. ज्युपिटरच्या बोटीवर पहिला प्रश्न 'शिसं किती?' हाच येईल, तेव्हा त्या आकड्यात दोन किलो मिळवून सांग आणि पहिल्या डाइव्हला उतरल्यावर वाटाड्यासमोर पुन्हा एकदा तपासून घे.